मा. किल्लीदार साहेबांच्या सेवेशी

प्रति,
मा. किल्लीदार साहेब,
ऐतिहासिक संग्रह विभाग (बंद),
विद्यापीठ कोणतेही, महाविद्यालय कोणतेही.

विषय : इतिहास कुलपात सुरक्षित ठेवल्याबद्दल जाहीर आभार मानणेबाबत.

संदर्भ : आपला 'उद्या या' हा तोंडी आदेश, वेळोवेळी.

महोदय,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते. तुमचं नाव लिहीत नाही, कारण लिहून उपयोग नाही. तुमची बदली होते, तुम्ही निवृत्त होता, शाल-श्रीफळ मिळतं, भाषणं होतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत, तीच किल्ली खिशात घालून, पुन्हा तुम्हीच बसलेले असता. कधी तुम्ही विभागप्रमुख असता, कधी ग्रंथपाल, कधी अभिरक्षक, तर कधी नुसतेच 'प्रभारी'. म्हणून हे पत्र एका विद्यापीठाला, एका महाविद्यालयाला किंवा एका माणसाला नाही. किल्ली ज्याच्या खिशात असेल त्यानं ते आपलं समजावं.

मी जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी इतिहास शिकवते. एका संस्थेत जुनी नाणी, मणी, खापरं, मोडी कागद आणि उत्खननाचे फोटो आहेत असं कळलं, तेव्हा मुलांना दाखवायला दहा-बारा फोटो काढून आणावेत म्हणून गेले. दारात शिपाईमामा होते. म्हणाले, "किल्ली सरांकडं हाय." सर कुठे आहेत? "मीटिंगला गेलेत." कधी येतील? "ते मीटिंगवर हाय, मॅडम." इतकं सरळ उत्तर मला त्या इमारतीत पुन्हा कुणी दिलं नाही.

पुढे एकदा तुमची भेट झाली. संशोधन करता का, असं तुम्ही विचारलंत. नाही, शिकवते, असं मी सांगितलं. तुमचा चेहरा मोकळा झाला. "मग वस्तू कशाला बघायच्या? पुस्तकातून शिकवा की." त्या एका वाक्यात तुम्ही अख्खं शैक्षणिक धोरण सांगून टाकलंत. संशोधकाला मार्गदर्शकाचं पत्र लागतं, मार्गदर्शकाला विभागाचं लागतं, विभागाला कुलसचिवांचं लागतं. आणि शिक्षकाला तर काही बघायचीच गरज नसते. विद्यार्थ्याचा तर विषयच निघाला नाही.

तुमची थोरवी समजायची तर आधी तुम्ही काय काय सांभाळता ते वाचकांना सांगायला हवं. आमच्या जिल्ह्यातलं भोकरदन घ्या. केळणा नदीच्या काठचं गाव. आज लोक त्याला बाजारासाठी ओळखतात आणि अजिंठ्याकडे जाताना लागतं म्हणून ओळखतात. जुनं नाव भोगवर्धन. उज्जैनहून पैठणला, म्हणजे प्रतिष्ठानला जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं हे भरभराटीचं नगर. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर जे दानलेख आहेत, त्यांत या गावच्या दात्यांचाही उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी भोकरदनची माणसं तिथवर गेली, दान दिलं आणि त्याची नोंद दगडावर करून घेतली. ती नोंद उघड्यावर होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, आणि त्या काळच्या लोकांच्या भाषेत, प्राकृतात होती. बिचाऱ्यांना कपाट ठाऊक नव्हतं. तुम्ही तेव्हा असता तर तो दगड आत घेतला असता आणि बाहेर पाटी लावली असती : 'दानलेख पाहण्यासाठी स्तूप कार्यालयाशी संपर्क साधावा.'

१९७३ साली या भोकरदनमध्ये उत्खनन झालं. नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ, दोघांनी मिळून ते केलं. शांताराम भालचंद्र देव आणि रमेश शंकर गुप्ते या दोन जाणत्या माणसांनी त्याचा अहवाल संपादित केला आणि तो १९७४ साली छापूनही आला. एका वर्षात! संगणक नव्हता, स्कॅनर नव्हता, डिजिटायझेशन समिती नव्हती आणि त्या समितीची उपसमितीही नव्हती. म्हणूनच काम इतकं लवकर उरकलं असावं. सातवाहनांची नाणी, मणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती वस्तू असं बरंच काही त्या मातीतून वर आलं.

त्यातल्या हस्तिदंताची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते. इ. स. ७९ मध्ये इटलीतला व्हेसुव्हियस फुटला आणि पाँपेई शहर राखेखाली गेलं. १९३८ साली तिथल्या एका घरात उत्खनन करताना वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. दागिने भारतीय, उभं राहणं भारतीय, दोन्ही बाजूंना दासी. जग तिला 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणतं, पण ती यक्षी असावी असं पुष्कळांना वाटतं. आधी तिचं माहेर मथुरेकडे शोधलं गेलं. मग तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती धाराशिवकडच्या तेरला आणि आमच्या भोकरदनला मिळाल्या आणि मधुकर केशव ढवळीकरांसारख्या अभ्यासकानं बोट भोकरदनकडे वळवलं. म्हणजे रोमन साम्राज्यातल्या एका घरात शोभेला ठेवलेली वस्तू केळणेच्या काठी कुणा कारागिरानं कोरलेली असू शकते. हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात. एकानं विचारलं, "मॅडम, मग आपल्याकडची दाखवा की."

साहेब, पाँपेईची मूर्ती मी त्याला तिथल्या तिथे मोबाइलवर दाखवली. ती नेपल्सच्या संग्रहालयात असते. पुढून दाखवली, मागून दाखवली, बाजूनं दाखवली. मला इटलीतल्या कुणा किल्लीदाराला फोन करावा लागला नाही. भोकरदनची मात्र वर्गात दाखवण्याजोगी, चार ओळींच्या मराठी माहितीसह, माझ्या हाताशी नव्हती. पोरगं भोकरदनचं, मूर्ती भोकरदनची, आणि दाखवायची वेळ आली तेव्हा पुढे आलं नेपल्स.

असईचंही तेच. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज आणि आर्थर वेलस्ली यांची गाठ याच जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात पडली. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं, तरी म्हातारपणापर्यंत आपली सर्वांत चांगली लढाई असईची असंच तो सांगत राहिला. त्याचे सुमारे एक लाख कागद १९८३ पासून इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाकडे आहेत आणि त्यांची सूची घरबसल्या चाळता येते. जिंकणाऱ्याची बाजू मला असईच्या बसथांब्यावर उभं राहून शोधता येते. हरणाऱ्याची बाजू, म्हणजे आपली, मात्र 'मीटिंगला' गेलेली असते. इतिहास जेते लिहितात असं म्हणतात. मला वाटतं, तो जेते लिहीत नाहीत, सूची करणारे लिहितात.

आणि मराठीचा अभिमान? तोही पाहिला. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे मंडळींचा 'महाराष्ट्र शब्दकोश' शब्द टाकून शोधायचा असेल तर मराठी माणूस शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जातो. शिकागोत मराठी बोलणारे किती असतील ते असोत. त्यांनी कोशाची पानं नुसती चिकटवली नाहीत, एकेक नोंद शोधता येईल अशी मांडली. तुम्ही म्हणाल, परदेशाची गोष्ट वेगळी, तिथे पैसा आहे. बरं. मग आपल्या शासनाच्या गॅझेटिअर विभागानं जुनी गॅझेटिअरं आणि विश्वकोश मंडळानं आपला कोश इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवला, त्याचं काय करायचं? आमचा जालना जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला. त्यामुळे आमची गावं १९७७ च्या औरंगाबाद जिल्हा गॅझेटिअरमध्ये शोधावी लागतात. पण शोधली की सापडतात. ज्या सरकारी खात्याला आपण उठता-बसता शिव्या देतो, त्यानं हे केलं. विद्यापीठाला जमत नाही, कारण विद्यापीठात विद्वान असतात.

आता तुमच्यावर अन्याय नको. तुम्हीही 'डिजिटल' झालात, हे मान्य करायलाच हवं. नारळ फुटला, फीत कापली, स्कॅनरला हळद-कुंकू लागलं, पेपरात फोटो आला. त्यानंतर स्कॅनरवर प्लॅस्टिकचं आवरण चढलं ते धूळ बसू नये म्हणून. कधीमधी ते निघालं आणि काही पानं स्कॅन झालीही. ती मी पाहिली आहेत. पान आडवं. कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा, नखासकट. मजकुरावरून तिरका जाणारा संस्थेचा भला थोरला शिक्का, म्हणजे चोरानं चोरलंच तर त्यालाही वाचता येऊ नये. फाइलचं नाव 'स्कॅन ०००१', पुढचीचं 'स्कॅन ०००१ नवीन', त्यापुढचीचं 'अंतिम', आणि मग 'अंतिम खरी'. सगळा ग्रंथच्या ग्रंथ एकाच फाइलमध्ये, इतका जड की मंठ्याहून येणाऱ्या पोरीचा दिवसाचा डेटा मुखपृष्ठावरच संपावा.

याला तुम्ही डिजिटायझेशन म्हणता. कागदाचा फोटो काढला म्हणजे कपाट उघडलं असं तुम्हाला वाटतं. साहेब, फोटोतलं अक्षर संगणकाला अक्षर वाटत नाही. त्याला ती नुसती काळी रेघोटी असते. त्यात शब्द शोधता येत नाही. अंध विद्यार्थ्याचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या पानापाशी येऊन गप्प बसतं. डोळस मुलासाठी अर्धं आणि अंध मुलासाठी पूर्ण बंद, असं हे तुमचं खुलं ज्ञान. छापील देवनागरी ओळखून तिचा मजकूर करून देणारी सॉफ्टवेअरं आज फुकट मिळतात, मराठी विकिस्रोतावर हौशी माणसं तीच वापरून जुनी पुस्तकं टंकून-तपासून घेतात. तुमच्याकडे पगारी माणसं आहेत, हीच अडचण असावी.

शोधगंगेचा नमुनाही फार गोड आहे. देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध एका जागी यावेत म्हणून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानं ते भांडार उभं केलं. कल्पना उत्तम, आणि आपल्या विद्यापीठांनी तिथे प्रबंध चढवलेही भरपूर. पण मराठी प्रबंध उघडा. शीर्षक एका फाइलमध्ये, प्रमाणपत्र दुसऱ्यात, ऋणनिर्देश तिसऱ्यात, प्रकरणं पुढे रांगेनं. कोणत्या प्रकरणात काय आहे हे प्रत्येक फाइल उतरवून घेतल्याशिवाय कळायचं नाही. उतरवून घेतली, आणि एक परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची, कंसांची, उद्गारचिन्हांची भेळ उतरते. कारण मजकूर टंकलेला असतो जुन्या फॉन्टमध्ये. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तेव्हा जन्मलेली मुलं आज स्वतः प्राध्यापक झाली आहेत, आणि आपला प्रबंध अजून त्या फॉन्टमध्येच टंकून घेत आहेत, कारण टंकलेखकाकडे तोच आहे. मग 'भोकरदन' असं मराठीत शोधलं की उत्तर येतं : काहीही सापडलं नाही. भोकरदनवर पान नि पान लिहिलेलं असतं, साहेब. पण ते सापडत नाही. हा तुमच्या कलेचा कळस मानते मी. वस्तू समोर आहे, दार सताड उघडं आहे, आणि तरी कुणाच्या हाती लागत नाही. कुलपालाही हे जमलं नव्हतं.

'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' तुम्हाला आठवत असेल. देशातली लाखो पुस्तकं स्कॅन करण्याचा मोठा उद्योग. त्यात मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत अशी काही टंकली होती, मध्येच ठिकठिकाणी टिंबं-टोचे देऊन, की राजवाड्यांनाही आपली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ओळखू आली नसती. पुढे ते संकेतस्थळच बंद पडलं. पुस्तकं वाचली ती परोपकारी लोकांनी त्यांच्या प्रती दुसरीकडे नेऊन ठेवल्या म्हणून. यातून धडा घ्यायचा तो हा, की फाइल एकाच ठिकाणी ठेवू नये. तुम्ही धडा घेतलात तो असा, की बघा, संकेतस्थळ बंद पडतं. कपाट कधी बंद पडतं का?

आता एक नाजूक गोष्ट. २०२३ च्या ऑगस्ट अखेरीस आमच्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं आणि पुढे काय काय घडलं ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. आरक्षणाची बाजू-दुसरी बाजू हा या पत्राचा विषय नाही. पण त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांत कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं शोधण्याची जी धावपळ उडाली, ती तुम्हीही पाहिली असेल. निजामकाळातले कागद. कुठे मोडी, कुठे उर्दू, कुठे फारसी. ज्या मोडी वाचणाऱ्याला एरवी कुणी चहाही विचारत नव्हतं, त्याला गाडी पाठवून बोलावू लागले. सापडलेल्या नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. गावोगावचे लोक मोबाइलवर पणजोबाचं नाव शोधू लागले. हैदराबादचं गॅझेट हा शब्द चहाच्या टपरीवर पोचला.

म्हणजे कपाटं उघडतात तर! पैसा मिळतो, माणसं मिळतात, मोडी वाचता येते, स्कॅनरवरचं प्लॅस्टिक निघतं. फक्त त्यासाठी सगळा समाज रस्त्यावर यावा लागतो. आमच्या वर्गात चाळीस मुलं आहेत, साहेब. आम्ही एवढ्यानं रस्ता अडवू शकत नाही. आणि हेच कागद दहा-वीस वर्षं आधी शांतपणे वाचून, सूची करून, सगळ्यांसमोर ठेवले असते, तर निदान कागदात काय आहे यावर तरी भांडण झालं नसतं. अर्थ काढण्यावर झालं असतं, आणि ते भांडण विद्यापीठाच्या दिवाणखान्यात शोभून दिसलं असतं.

तुमची बाकीची कारणं मला पाठ आहेत. त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही. 'हाताळून खराब होईल.' म्हणून तर एकदा नीट फोटो काढा म्हणतात; मग मूळ वस्तूला कुणी हात लावणार नाही. 'कॉपीराइटचा प्रश्न आहे.' आपल्या ग्रंथालयातल्या पुस्तकाची जपणुकीसाठी डिजिटल प्रत करायला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सार्वजनिक ग्रंथालयांना मुभा देतं, अपंग वाचकांना वाचता येईल अशी प्रत करायलाही देतं. आणि जे पुस्तक विद्यापीठानं स्वतः छापलं, ते खुलं करायला विद्यापीठ कुणाची परवानगी मागणार आहे? स्वतःचीच ना? मग तो अर्जही तुमच्याच टेबलावर येईल आणि तुम्ही त्यावर लिहाल : 'चर्चा करावी.' 'सॉफ्टवेअर नाही.' संग्रहालयांसाठीचं 'जतन' हे सॉफ्टवेअर पुण्याच्या सी-डॅकनं केलं आणि देशातल्या मोठमोठ्या संग्रहालयांच्या वस्तू त्यावरून २०१४ पासून लोकांसमोर आल्या. 'निधी नाही.' हस्तलिखितांसाठी राष्ट्रीय मिशन २००३ मध्ये सुरू झालं, २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्'ची घोषणा झाली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं लक्ष्य ठेवून. निधी येतो, साहेब. अडतो तो प्रस्ताव. आणि प्रस्तावात पहिलीच विचारणा असते की तुमच्याकडे आहे काय काय, त्याची यादी द्या. तिथे तुम्ही हात टेकता, कारण यादी नाही. यादी केली की काय हरवलंय तेही कळतं, हे खरं कारण. ते मात्र तुम्ही कधी बोलून दाखवत नाही.

राहिलं शेवटचं कारण : 'लोकांना काय कळतंय त्यातलं?' याचं उत्तर मी देणार, कारण माझी नोकरीच ती आहे. लोकांना कळावं म्हणून तुमच्याकडून काय हवंय ते ऐका. एक मणी घ्या. त्याचा स्वच्छ फोटो, बाजूला मोजपट्टी. कुठे सापडला, कोणत्या थरात सापडला, कशाचा आहे, किती जुना, आज कुठे आहे. एवढं मराठीत, आठवीतल्या मुलीला वाचता येईल अशा पाच-सहा वाक्यांत. गावाचं नाव आजचं आणि जुनं, दोन्ही, म्हणजे कुणी भोकरदन टाको की भोगवर्धन, मणी सापडला पाहिजे. मोडी कागद असेल तर खाली त्याचं देवनागरी लिप्यंतर. सोबत शिक्षकासाठी एखादा प्रश्न : हा दगड इथे मिळत नाही, मग तो आला कुठून? बस. तिथून पुढे व्यापार, वाटा, बंदरं, रोम हे सगळं वर्गात आम्ही उभं करतो. त्यासाठी थ्रीडी, आभासी सफर, मोठा पडदा असलं काही नको. ते उद्घाटनाच्या दिवशी चालतं आणि दुसऱ्या दिवशी वीज गेलेली असते.

तुम्ही जालन्याला आलात तर या गावाचा एक धडा सांगेन. इथे बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली महिको सुरू केली आणि जालना बियाण्यांचं गाव म्हणून देशाला माहीत झालं. बियाणं कोठारात नीट जपावं लागतं, थंड, कोरडं, मोजून, नोंद करून. त्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. पण या गावात कुणीही सांगेल की बियाणं जपतात ते पेरण्यासाठी. वेळेत पेरलं नाही तर ते उगवायचं थांबतं, आणि मग कोठारात उरतात ते नुसते दाणे. तुमच्या कपाटातल्या खापरांचं वय दोन हजार वर्षं आहे, त्यांना घाई नाही. घाई आम्हाला आहे. दरवर्षी एक वर्ग बाहेर पडतो आणि आपल्या गावाखाली काय होतं ते न बघताच पडतो.

या साऱ्यात तुमचा स्वभाव वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही कागद फाडला नाही, नाणं विकलं नाही, वाळवीला औषधही मारलंत. इतकी वर्षं छप्पर गळत असताना बादल्या लावून संग्रह वाचवलात, त्याबद्दलचे आभार मात्र खरे आहेत, त्यात उपहास नाही. गुन्हा इतकाच की सांभाळता सांभाळता ते तुमचं झालं. सरकारच्या पैशानं खणलेलं, शेतकऱ्याच्या रानातून निघालेलं, सार्वजनिक विद्यापीठानं जमवलेलं ते सगळं तुम्ही 'माझा संग्रह' म्हणू लागलात. मग कुणी बघायला मागितलं की तुम्हाला तो उसना मागतोय असं वाटायला लागलं. आणि या चोरीचा पंचनामा कुणी करत नाही, कारण वस्तू जागच्या जागी असते.

एक सांगायचं राहिलं. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ म्हटलं की तुम्हाला फक्त अर्ज आठवतात. पण अर्जाच्या कलमाच्याही आधी त्यात कलम ४ आहे. त्याची सुरुवातच अशी, की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं आपले सगळे अभिलेख रीतसर सूचीबद्ध करावेत, संगणकावर आणण्याजोगे असतील ते वाजवी मुदतीत आणावेत आणि ते पाहणं लोकांना सोपं व्हावं अशी जोडणी करावी. म्हणजे मी जे मागतेय ते मागायचीच खरं तर गरज नव्हती. ते देणं वीस वर्षांपासून तुमच्यावर आहे. हो, त्यात 'साधनांच्या उपलब्धतेनुसार' असंही म्हटलंय. कलमाचा तेवढाच भाग तुम्हाला पाठ आहे, हेही मला ठाऊक आहे.

तरी विनंती की, या पत्राला उत्तर देण्याची तसदी घेऊ नये. उत्तराला जावक क्रमांक लागेल, जावक नोंदवही कपाटात असेल, आणि किल्ली तुम्ही मीटिंगला जाताना सोबत न्याल. उत्तराऐवजी फक्त संग्रहाची यादी लावा. कच्ची चालेल, अपुरी चालेल, चुकीचीही चालेल. चुका गावातली माणसं दुरुस्त करून देतील, कारण वस्तू त्यांच्याच रानातल्या आहेत.

कळावे, लोभ नसावा.

आपली,
इतिहासाची एक शिक्षिका,
जिल्हा जालना.

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :

वाचकांस. आपल्या तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या किंवा विद्यापीठातल्या संग्रहाकडे माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं आणि तीनच गोष्टी विचारायच्या : तुमच्याकडे काय काय आहे, त्याची यादी कुठे आहे, आणि ती लोकांना कधी दिसणार. अर्ज मराठीतच लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.